मानधन

ईडन प्रेरी, मिनेसोटा
८ सप्टेंबर २०२४

चि. मैत्री,
जयभीम.

तू टेक्सासमधली, अर्विंगची नोकरी सोडून साउथ डकोटात शिकारी कुत्र्यांचं केनेल सांभाळते आहेस, हे तुझ्या बाबाने काल मला फोनवर सांगितलं. जूनपासून! आणि आत्याला सप्टेंबरात कळतं. म्हणून हे पत्र. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू 'ऑल गुड, आत्या' म्हणतेस, माझे गुडघे कसे आहेत ते विचारतेस आणि विषय संपतो. कागदावर विचारलं की कागदावर उत्तर द्यावं लागतं.

बाबा म्हणतो, पोरीला परत आण. त्याच्या तक्रारी दोन. पहिली, इंजिनिअर झालेली मुलगी कुत्र्यांची घाण काढते. दुसरी, बुद्धाला शरण गेलेल्या घरातली मुलगी शिकाऱ्यांच्या दारात उभी आहे. "नाव मैत्री ठेवलं आणि धंदा पक्षी मारण्याचा," असं म्हणाला.

पहिली तक्रार मला मान्य नाही. आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी गावाची घाण काढली. त्यांना कोणी विचारलं नाही आणि कोणी पैसे दिले नाहीत. मला राग त्याचा आहे, कामाचा नाही. म्हणून मी फक्त अटी विचारते. तुला देतात काय, कधी, आणि ते लेखी आहे का? खोलीचं भाडं त्यातून कापतात का? सुट्टी कोणत्या वारी? कुत्रा चावला तर दवाखाना कोणाच्या पैशाने? हाताखाली कोण आहे? बंदूक चालवावी लागते का?

मी जन्मभर एका कंपनीत लोकांचे पगार काढले. 'इट्स फाइन' हे उत्तर मला चालत नाही.

सुमेधा आत्या

&nbsp;

१६ सप्टेंबर

प्रिय आत्या,
जयभीम.

माझं मराठी लिहिणं नागपूरच्या शाळेत पाचवीत थांबलं, त्यामुळे चुका इग्नोर कर.

मालकीण आर्डिस टॉर्गर्सन. एकोणऐंशी वर्षांची आहे. नवरा गेल्यावर तिला एकटीने जमेना म्हणून तिने मॅनेजर शोधला. चौतीस कुत्रे आहेत. पक्षी शोधणारे पॉइंटर, सेटर आणि दोन लॅब, जे स्वतःला मालक समजतात. मी पहाटे सगळ्यांचे जाळीचे कप्पे धुते, खाणं देते, औषधं देते, मग दिवसभर ट्रेनिंग. शिवाय क्लायंटचे फोन. लोक स्वतःच्या मुलांबद्दल विचारणार नाहीत इतकं कुत्र्याबद्दल विचारतात, यार.

तुझे प्रश्न. मानधन एक तारखेला मिळतं, आजपर्यंत एकदाही चुकलं नाही. खोली वेगळी, त्यातून कापत नाहीत. लेखी काही नाही, आर्डिसने हात मिळवला, इकडे तेच चालतं. सुट्टीचं म्हणशील तर कुत्र्यांना संडे नसतो. हाताखाली कोणी नाही. चावतील कशाला? माझे आहेत ते. बंदूक मी हातात घेतलेली नाही आणि घेणार नाही. हे बाबांना नक्की सांग.

इथे कुत्र्याच्या गळ्यात घंटा बांधतात. त्या घंटेबद्दल मला तुला सांगायचंय, पण लिहून जमत नाही. तू ये.

मैत्री

&nbsp;

ईडन प्रेरी
२२ सप्टेंबर

चि. मैत्री,

तुझं पत्र मिळालं. एका शब्दापाशी मी थांबले आणि अजून तिथेच आहे.

मानधन?

मानधन म्हणजे काय, तुला ठाऊक आहे का? ज्याला पगार द्यायची इच्छा नसते, त्याला देतात ते मानधन. तुझी आजी अंगणवाडी सेविका होती. गल्लीतली पोरं तिने वजन करून, खाऊ घालून, लसींना नेऊन वाढवली. पोलिओचे डोस, जनगणना, निवडणुकीच्या याद्या, सगळं तिच्याच माथी. सरकारने तिला कधी कर्मचारी म्हटलं नाही. सेविका म्हटलं, म्हणजे सेवा करणारी, आणि सेवेला पगार कसा असेल? मग मानधन. ते कधी दोन महिन्यांनी यायचं, कधी चार. रजा नाही, पेन्शन नाही. गुडघे गेले तेव्हा निरोपाला एक नारळ आणि साडी. मी कॉमर्स केलं, लॉ केलं, ते मोर्चात आईच्या शेजारी उभी राहून. 'मानधन नको, वेतन द्या' ही घोषणा मी तुझ्या वयाची होण्याआधी हजारदा दिली आहे.

आणि रत्नाबाईची नात अमेरिकेत मानधनावर राबते. तेही हात मिळवून, कागदाशिवाय, सुट्टीशिवाय, एकटी.

महिनाअखेरपर्यंत मला लेखी अटी दाखव. नाहीतर मी येऊन तुला घेऊन जाईन. तुझ्या बाबाला मी तसं सांगितलं आहे.

सुमेधा आत्या

&nbsp;

३ ऑक्टोबर

आत्या,

उशीर झाला, सॉरी. सगळं ठीक आहे. गडबड आहे. सीझन जवळ आला. नंतर मोठं लिहिते. काळजी करू नको.

मै.

&nbsp;

ईडन प्रेरी
९ ऑक्टोबर

प्रिय भूषण,
जयभीम.

तू मला पोरीला आणायला पाठवलंस. मी एकटीच परत आले आहे. का, ते सांगते. पत्र शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन करू नकोस.

तिचं शेवटचं पत्र चार ओळींचं होतं. अक्षर असं की कोंबडी चालून गेली असावी, आणि ओळी घसरत कागदाच्या कोपऱ्यात गेलेल्या. हे डाव्या हाताने लिहिलेलं आहे, हे कळायला मला एक कप चहा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली.

दोनशे बारा नंबरचा रस्ता पश्चिमेला धरला की आधी तळी संपतात, मग झाडं, मग गावंही. पुढे नुसतं पिवळं गवत आणि आभाळ. वाटभर मी आर्डिसबाईला काय सुनवायचं त्याची तयारी करत होते.

बाई दारातच भेटली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, पायात पुरुषी बूट, ताठ. मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या नाहीत. मानधनाचं सरळ इंग्रजीत विचारलं, "तुम्ही माझ्या भाचीला ऑनरेरियम देता?"

"ऑनर?" ती म्हणाली. "अर्थात! इथला प्रत्येक कुत्रा ऑनर करतो. जो करत नाही त्याला मी ठेवत नाही."

"कुत्र्यांचं नाही, मी मुलीचं विचारते आहे."

"मुलीनेच तर शिकवलं. चला, दाखवते." आणि माझं पुढचं वाक्य ऐकायच्या आत ती चालायलाही लागली. तिचा उजवा कान बंदुकांच्या आवाजाने कामातून गेला आहे, हे मला नंतर कळलं. मी नेमकी उजव्या बाजूला उभी होते.

मैत्री मागच्या अंगणात होती. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये.

"आत्या! ओ माय गॉड. तू एकटी ड्राइव्ह करत आलीस?"

"हात दाखव."

"आधी गवतात चल. मग हवं तेवढं ओरड."

"मी ओरडत नसते."

"बाबांना विचारू?" ती म्हणाली, आणि दोन कुत्रे सोडून चालू पडली. मी काय करणार? गेले मागे. माझे चांगले बूट, गुडघ्याएवढं गवत, शेजारी आर्डिस, आणि मागून एक म्हातारी सेटर कुत्री माझ्या कोटाला नाक लावत येत होती. क्लोव्हर तिचं नाव, ठार बहिरी. कुत्र्यांचं आणि माझं कधी जमलं नाही, हे तुला माहीत आहे. इंदोऱ्याच्या चौकात माझ्या मागे लागलेलं ते तांबडं कुत्रं मी अजून विसरलेले नाही.

पुढचे दोघे गवतात दिसेनासे झाले. फक्त त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. इकडून तिकडे, लांब, जवळ. मैत्री नुसती ऐकत चालत होती. आणि एक घंटा थांबली.

भूषण, मला हे नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. घंटा वाजत असताना आपण ती ऐकत नसतो. थांबली की सगळं अंग ऐकायला लागतं. आम्ही गवत बाजूला सारत पुढे गेलो, तर बँजो नावाचा तो पॉइंटर उभा होता. पुढचा एक पाय उचललेला, तसाच अधांतरी. शेपटी ताठ. नाक गवताच्या एका झुपक्याकडे. त्याच्या कानाचं टोक हलत होतं, पण ते वाऱ्याने. समोर पक्षी आहे हे त्याला माहीत होतं. झेप घ्यावी असं त्याच्या रक्तात लिहिलेलं होतं, आणि तो घेत नव्हता.

मग दुसरी घंटाही थांबली. ती विक नावाची कुत्री, बरीच लांब. "तिला वास आलेला नाही," मैत्री माझ्या कानाशी कुजबुजली. "वारा उलटा आहे. तिने फक्त बँजोला पाहिलं. शोध त्याचा आहे ना, म्हणून ती पुढे जाणार नाही. ती त्याला मान देतेय, आत्या. इंग्लिशमध्ये ह्यालाच ऑनर म्हणतात."

मी वळून पाहिलं. माझ्यामागे क्लोव्हरही थांबली होती. तिला घंटा ऐकू येत नाही, वास किती येतो देव जाणे, म्हणजे कोणीच जाणत नाही. तिने त्या दोघांना पाहिलं होतं. मागचे पाय म्हातारपणाने थरथरत होते आणि ती उभी होती. आर्डिसने टोपी काढून हातात घेतली. आम्ही तिघी आणि ते तिघे. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मी मोजलं नाही, हे तुझ्या लक्षात येतंय ना?

मैत्री हळूच पुढे गेली आणि तिने पायाने गवत हलवलं. तांबडा-सोनेरी फेझंट, कोंबड्याएवढा, गळ्याला पांढरी पट्टी, केकाटत माझ्या डोक्यावरून निघून गेला. त्या दिवशी नुसता सराव होता, बंदूक नव्हती. पक्षी दिसेनासा झाला तरी एकही कुत्रा जागचा हलला नाही. मैत्रीने येऊन बँजोच्या डोक्यावर डावा हात ठेवला, तेव्हा त्याने पाय खाली टेकवला.

मी आयुष्यभर विहारात डोळे मिटून बसत आले. इतकी स्थिर मी एकदाही झालेली नाही. आणि ऑफिसात दुसऱ्याचा शोध दिसला की धावत जाऊन त्यावर आपलं नाव लिहिणारेच पाहिले. कुत्र्यांना हे थांबणं तुझ्या पोरीने शिकवलं आहे, न मारता. मी विचारलं, कसं? म्हणाली, "थांबले की थँक्यू म्हणायचं. रोज."

आता जे लपवणार नाही ते. मोसमात इथे बंदुका येतात आणि पक्षी मरतात. मैत्री बंदूक धरत नाही, पण तिचं पोट त्याच लोकांच्या पैशावर चालतं. तिला ते ठाऊक आहे. मलाही.

मग स्वयंपाकघरात बसून हिशेब घेतला. हाताचं असं झालं. आर्डिस चर्चला गेलेली, खाण्याच्या वेळी दोन नर एकमेकांवर तुटून पडले, ही मध्ये पडली. टॉवेल गुंडाळून एका हाताने ड्राइव्ह करत दवाखान्यात गेली. बिल आर्डिसने भरलं, दोन दिवस हिला भरवलंही. पण त्या वेळी तिथे दुसरं माणूस असतं तर हात फाटला नसता. हे मी आर्डिसला तोंडावर सांगितलं, डाव्या बाजूला बसून.

"आणि मानधन किती?" मी मैत्रीला विचारलं.

"वर्षाला अडतीस हजार. टॅक्स कापून चेक मिळतो, स्लिप मिळते."

"मग हा पगार झाला!"

"हो, मग? पगारालाच मानधन म्हणतात ना? आजीचं एक तारखेला नाही आलं की तू, बाबा, सगळे म्हणायचे, मानधन झालं का, मानधन झालं का. मला वाटलं, चांगल्या मराठीत पगाराला मानधन म्हणतात."

मी हसायला लागले. हसू आवरेना. मग दुसरंच काही आवरेना, आणि आर्डिसने काही न विचारता पेपर टॉवेलचा रोल पुढे सरकवला.

पैसे अर्विंगच्या निम्म्याहून कमी आहेत. पण पगार आहे. मी तिथेच बसून अटी लिहिल्या. खाण्याच्या वेळी हाताखाली दुसरा माणूस. आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी. दवाखान्याचा विमा. बंदूक चालवणं हा कामाचा भाग नाही. आर्डिसने कागद दोनदा वाचला. "मी हेच काम चाळीस वर्षं केलं," ती म्हणाली. "मला माझे तास कोणी विचारले नाहीत. नवरा म्हणायचा, सगळं तुझंच तर आहे." तिला पगार नव्हता. आईला निदान मानधन तरी होतं.

मोसम उघडायच्या आत ती उत्तर देणार आहे. नाही म्हणाली तर मी पुन्हा जाऊन पोरीला घेऊन येईन, ती रडली तरी. ते कुत्रे पाहिल्यावर हे लिहिणं मला जड जातंय, पण तिला हातांची जोडी एकच आहे.

तुझी
ताई

&nbsp;

१७ ऑक्टोबर

आत्या,

बघ, उजव्या हाताने लिहितेय. टाके काढले.

आर्डिस आठवडाभर तुझा कागद ॲप्रनच्या खिशात घेऊन फिरत होती. विम्याला लगेच हो म्हणाली, बंदुकीच्या ओळीवर "फेअर इनफ" म्हणाली. सुट्टीवर अडली. म्हणे, कुत्र्यांना कसं कळेल आज तुझी सुट्टी? मी म्हटलं, त्यांना थांबायला शिकवलंय, हेही शिकतील. काल सकाळी मी कप्पे धुवायला गेले तर तिथे शाळेची बस चालवणारा डॅरिल पाइप घेऊन उभा. आर्डिसने त्याला दोन्ही वेळच्या खाण्याला ठेवलंय. मला म्हणाली, "तुझ्या आत्याला सांग, मी सही करणार आहे. पण तिच्यासमोरच. ती बाई परत आली पाहिजे."

दुसरं म्हणजे क्लोव्हर. ती रिटायर झालीय, तिला आता केनेलची थंडी झेपत नाही. तू गेल्यावर दोन दिवस ती तुझी गाडी होती तिथे जाऊन बसत होती. आर्डिस तिला विकणार नाही, फक्त देईल, तेही कोणालाही नाही. मी काही म्हणत नाहीये. फक्त लिहितेय.

बाबा काही बोलले का?

मैत्री

&nbsp;

अर्विंग, टेक्सास
२५ ऑक्टोबर

ताई,
जयभीम.

तुला आणायला पाठवलं, तर तू तिकडचीच झालीस. वकील बदलायला हवा होता.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पक्षी मरतात ते मला पटत नाही आणि पटणारही नाही. तसं मी तिला सांगेन, पण भांडणार नाही. ते मान देण्याचं मात्र डोक्यातून जात नाही. ज्याला वाससुद्धा आला नाही ते जनावर दुसऱ्यासाठी थांबतं. काल मीटिंगमध्ये एकाने माझं वाक्य तोडलं तेव्हा मला त्या कुत्रीची आठवण झाली.

आईची मोठी गोधडी माझ्याकडे होती. तुझ्याकडे पार्सल केली आहे. डकोटात बर्फ लवकर पडतो म्हणे. तिला माझ्याकडून दे. मी पाठवली असं सांग, नाहीतर ती तुझीच समजेल.

तिला विचार, तू म्हणालीस तो डॅरिल थँक्सगिव्हिंगला दोन दिवस एकट्याने सांभाळेल का, म्हणजे ती इकडे येईल. नसेल जमत तर आम्ही येऊ. मी गवतात येणार नाही. बघू.

भूषण

&nbsp;

ईडन प्रेरी
४ नोव्हेंबर

प्रिय भूषण,

काल जाऊन आले. आर्डिसने माझ्यासमोर सही केली, चष्मा लावून, एकेक ओळ बोटाने धरून. सही झाल्यावर तिने भिंतीवरच्या खिळ्यावरून शिट्टी काढली आणि मैत्रीच्या गळ्यात घातली. गोधडी मैत्रीने तिथेच उघडली आणि तोंडाला लावली. "बाबांनी पाठवली? नक्की बाबांनी?" असं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. तुम्ही या. गवतातही येशील, मला माहीत आहे.

परत येताना मागच्या सीटवर घंटा वाजत होती. गाडी वळली की वाजायची. सपाट रस्त्यावर थांबली की मी मागे वळून बघायचे, क्लोव्हर खिडकीतून गवताकडे बघत बसलेली असायची.

दिल्या-घेतल्याची नोंद खाली करते. एक प्रत तुला, एक मैत्रीला, एक आर्डिसला इंग्रजीत.

ता. ३ नोव्हेंबर २०२४, टॉर्गर्सन केनेलचं स्वयंपाकघर.

आर्डिस टॉर्गर्सन यांनी मैत्रीला दिलं: सही केलेला करार. त्यात जो शब्द आहे त्याचं मराठी पगार असं होतं, दुसरं काही होत नाही. केनेलच्या किल्ल्यांचा जुडगा. आर्डिस यांची स्वतःची शिट्टी, दातांच्या खुणांसह.

बुद्धभूषण यांच्याकडून मैत्रीला, माझ्या हस्ते: रत्नाबाईंनी शिवलेली गोधडी एक.

मैत्री आणि आर्डिस यांनी मला दिलं: क्लोव्हर, सेटर, मादी, वय अकरा, बहिरी. लसींचे कागद. महिनाभराचं खाणं. तिच्या गळ्यातली पितळी घंटा एक. थांबली की आपणही थांबायचं, असं मैत्रीने सांगितलं आहे.

सुमेधा